एकेचाळीस घरांची हजेरी

आमच्या नगरपालिकेच्या कर विभागात तिला सगळे टेपबाई म्हणायचे. पन्नास मीटरची पोलादी टेप पिशवीत टाकून ती गावभर हिंडायची आणि इमारत कागदावर जेवढी दाखवलीय तेवढीच जमिनीवर आहे का, हे मोजून बघायची. ती दारात दिसली की गच्चीवर चोरून पत्र्याची खोली चढवलेली माणसं एकदम गोड बोलायला लागायची. ती सगळं ऐकून घ्यायची आणि टेपचं टोक त्यांच्याच हातात देऊन म्हणायची, "धरा जरा घट्ट."

मी तिच्या समोरच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसले. ती मोजून आणायची, मी त्यावरून आदेश लिहायचे. तिचा नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, "हिच्याशी भांडायची सोय नाही. ही बोलत नाही, आकडा सांगते." तो गेल्यावर ती आणखीच कमी बोलायला लागली. मुलगी लांबच्या शहरात नोकरीला. जवळचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, तिच्याहून बारा वर्षांनी मोठी बहीण. आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो.

या दोघी बहिणी वाढल्या मागच्या गल्लीत. विद्यापीठाच्या उंच दगडी भिंतीच्या मागे असलेली गल्ली, म्हणून ती मागची गल्ली. एकेचाळीस घरं, भिंतीला भिंत लागलेली. एका घरात कुणी खोकलं तर शेजारच्या घरातून पाणी पी म्हणून सांगायचे, अशी.

विद्यापीठ खासगी, आणि श्रीमंत किती? त्यांच्या हिरवळीवर जेवढं पाणी रोज पडतं तेवढं आमच्या अर्ध्या गावाच्या नळाला येत नाही. आग लागली तर बंब नगरपालिकेचा, सांडपाणी वाहून नेणारी गटारं नगरपालिकेची, फाटकापर्यंतचा रस्ता नगरपालिकेचा. कर मात्र शून्य. कायदा तसाच होता. जी इमारत प्रत्यक्ष शिक्षणासाठी वापरात आहे तिला कर माफ. दर पाच वर्षांनी त्यांचा मालमत्ता व्यवस्थापक एक अर्ज पाठवायचा, त्यावर 'वापर सुरू आहे' असं छापलेलं असायचं, आणि आम्ही माफी पुढे चालू ठेवायचो. शिक्का मीच मारायचे. खोटं कशाला बोलू?

वीसेक वर्षांत विद्यापीठाने मागच्या गल्लीतलं एकेक घर विकत घेतलं. कुणावर जबरदस्ती केली नाही, भाव चांगला दिला. आधी दूधवाले गेले, मग शिंपीण गेली, मग तिच्याच घरातलं जुळ्या मुलींचं बिऱ्हाड गेलं. शेजार उठला की माणसाचा जीव रमत नाही, मग तोही सही करतो. गल्लीतली मुलं गेली तशी कोपऱ्यावरची नगरपालिकेची शाळा बंद पडली. ताई त्याच शाळेत शिकवायची, तिची नोकरी गेली. आई वारल्यावर दोन वर्षांनी शेवटचं, एकेचाळीस नंबरचं घर या बहिणींनी विकलं. ताईने एक अट घातली होती. मागच्या दोन खोल्यांत ती मरेपर्यंत राहणार. विद्यापीठाने लगेच मान्य केलं. धाकटीने, म्हणजे टेपबाईने, आपल्या वाट्यातून नदीपलीकडे लहानसा फ्लॅट घेतला. ती सही तिला नेहमी बोचायची. बोलून दाखवायची नाही, पण पेन हातात घेतलं की अंगठ्याने ते उगाच पुसत बसायची.

दर रविवारी ती ताईकडे जायची. गल्लीत चाळीस दारं बंद. सगळ्या दारांना एकच हिरवा रंग, पितळेचे एकसारखे नंबर, पायऱ्या स्वच्छ. आणि माणूस एक नाही. ताई मागच्या दाराने तिला आत घ्यायची. पुढची खोली, जिथे दोघी पूर्वी झोपायच्या, ती कुलूपबंद असायची.

"तिथे काय आहे गं?" टेपबाईने एकदा विचारलं होतं.

"विद्यापीठाचं आहे ते. आपल्याला काय करायचंय?"

"आणि तू त्यांचं काय काम करतेस म्हणालीस?"

"थोडं लिहायचं असतं सकाळी. वेळ जातो."

नऊ वर्षं एवढ्यावरच भागलं.

मग आमच्याकडे नवे साहेब आले. त्या साली नगरपालिकेचा दवाखाना आठवड्यातून तीनच दिवस उघडायचा आणि निम्म्या रस्त्यांवरचे दिवे काढून ठेवले होते. साहेबांनी माफीच्या सगळ्या फायली मागवल्या. मागच्या गल्लीची फाइल उघडून ते मला म्हणाले, "ही एकेचाळीस घरं. इथे काय शिकवतात?"

मी पान उलटून वाचलं. "अध्यापन कक्ष असं लिहिलंय."

"कुणी बघितलेत?"

मी छताकडे बघितलं. टेपबाई तिच्या टेबलावरून म्हणाली, "साहेब, माझी बहीण तिथे राहते. मला पाठवणं बरं दिसणार नाही."

"या गावात कुणाचं तरी कुणी तरी सगळीकडेच असतं," साहेब म्हणाले. "मोजणीला तुमच्याइतकं विश्वासाचं माझ्याकडे कुणी नाही. तुम्हीच जा."

ती गेली तो मंगळवार होता. पुढे जे झालं ते तिने मला त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं, आणि त्यात तिने एक शब्दही वाढवला नसेल. वाढवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

सकाळी दहा वाजता तिने व्यवस्थापकाच्या माणसाकडून किल्ल्यांचा जुडगा घेतला. तो माणूस फाटकाशीच थांबला, गल्लीत आला नाही. "तुम्ही बघा, मी इथे आहे," म्हणाला. तिने एक नंबरचं कुलूप उघडलं. हे दूधवाल्यांचं घर. पूर्वी दार उघडलं की ताकाचा आंबूस वास यायचा. आता खडूचा वास आला.

पुढच्या खोलीत सहा बाकं होती. भिंतीवर फळा, फळ्यावर उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख. खालच्या पट्टीवर पडलेली खडूची भुकटी अजून सैल होती. बोट लावलं तर बोटाला लागली. घड्याळ चालू होतं, वेळ बरोबर होती. फरशीवर धुळीचा कण नव्हता. ती मधल्या खोलीत गेली. तिथेही बाकं, फळा, तारीख. स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून दोन बाकं मांडली होती. न्हाणीघरात नळाखाली एक बाक होतं, आणि त्याच्यासमोर पाटीएवढा फळा. त्यावरही आजची तारीख.

तिने मोजलं. मोजल्यावर तिला नेहमी बरं वाटायचं, त्या दिवशी वाटलं नाही. पुढच्या खोलीतल्या टेबलावर हजेरीची वही होती. तिने उघडली. नावांच्या रकान्यात लिहिलं होतं: दूधवाले. दूधवाल्यांची बायको. सासूबाई. थोरला. रडका. त्यांच्या घरातल्या धाकट्या मुलाला सगळी गल्ली रडकाच म्हणायची. प्रत्येकाच्या पुढे रोजची बरोबरची खूण, महिन्यामागून महिने, एकही दिवस चुकलेला नाही. आजचीही खूण होती. शाई वाळली होती, पण निळी, ताजी होती.

सासूबाई वारल्या तेव्हा टेपबाई सातवीत होती. तिने मला सांगितलं, "मला आधी वाटलं ही कुणाची तरी थट्टा आहे. मग वाटलं, थट्टा करायला इथे आहे कोण?"

दोन नंबरमध्ये तेच. तीनमध्ये तेच. तिसऱ्या घरातून बाहेर पडल्यावर तिने कुलूपही लावलं नाही. ती तशीच गल्लीतून पुढे चालत राहिली. ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं. भिंतीपलीकडे विद्यापीठात कुठे तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. ते बंद पडलं, आणि तिला सव्वीस नंबरच्या खिडकीतून आवाज ऐकू आला.

कुणी तरी नावं पुकारत होतं. एक नाव, मग थांबणं. उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढंच थांबणं, कमी नाही, जास्त नाही.

"शिंपीण." थांबणं. "शिंपिणीचा नवरा." थांबणं. "जुळी, पहिली." थांबणं. "जुळी, दुसरी... बोलायचं नाही, पुढे बघ."

आवाज टेपबाईच्या ओळखीचा होता. शाळेत चौथीपर्यंत ती त्याच आवाजाला उत्तर देत होती.

दार उघडलं आणि ताई बाहेर आली. काखेत पुढच्या घरांच्या वह्यांची चळत, हातात खडूची डबी, कमरेला किल्ल्या. बहिणीला बघून ती जराही दचकली नाही.

"अगं, तू? आज रविवार आहे का?"

"ताई, तू आत कुणाशी बोलत होतीस?"

"हजेरी घेत होते. चल, अजून पंधरा घरं राहिलीत, बारापर्यंत आटपायला हवं."

चालता चालता ताईने सगळं सांगून टाकलं, लपवायचं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. घर विकल्यावर विद्यापीठाच्या एका माणसाने तिला एकेचाळीस वह्या आणि खडूचं खोकं आणून दिलं होतं. रोज सकाळी प्रत्येक खोलीत तारीख लिहायची आणि वहीत हजेरी भरायची. "मी विचारलं, कुणाची भरू? तो म्हणाला, कुणाचीही भरा, वही भरलेली असली म्हणजे झालं. आता कुणाचीही म्हणजे कुणाची? मला दुसरी माणसं कोण ठाऊक आहेत? ज्या घरात जे राहत होते त्यांची घातली."

"पण तू नावं मोठ्याने का पुकारतेस?"

"अगं, न पुकारता हजेरी कशी लावायची? ते खोटं होईल."

"आणि झाडतं कोण एवढं? कुठे धूळ नाही."

"विद्यापीठाचं कुणी तरी येत असेल. मी कधी बघितलं नाही बाई."

टेपबाई उरलेल्या घरांत तिच्यामागून गेली. ताई दारात चप्पल काढायची, तारीख लिहायची, टेबलाशी उभी राहून नावं घ्यायची. खूण करायच्या आधी ती दर वेळी मान वर करून बाकाकडे बघायची, आणि वेगवेगळ्या बाकांकडे बघायची, प्रत्येकाची जागा ठरलेली असल्यासारखी. शेवटी एकेचाळीस नंबर आला. नऊ वर्षांनी टेपबाई आपल्या घराच्या पुढच्या खोलीत पाय ठेवत होती. चार बाकं होती. आईची खाट जिथे असायची तिथे फळा होता.

"आई," ताईने पुकारलं. थांबली. खूण केली.

"बाबा." थांबली. खूण केली.

"धाकटी."

टेपबाई दारातच उभी होती. ताईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने खिडकीजवळच्या बाकाकडे बघितलं, तेवढंच थांबली, समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि खूण केली.

दुपारी राहिलेली घरं मोजून ती संध्याकाळी ऑफिसात आली तेव्हा आम्ही सगळे निघायच्या बेतात होतो. तिने टेप टेबलावर ठेवली. "मी इथे आहे ना गं?" तिने मला विचारलं.

"म्हणजे काय?"

"मी दारात उभी होते आणि माझी हजेरी बाकावर लागली."

मी तिला पाणी दिलं. मग तिने अहवाल लिहायला घेतला. मी म्हटलं, "ताईचं काम जाईल. कदाचित राहायची जागासुद्धा." ती म्हणाली, "माहितीय." आणि एकेचाळीस घरांची मापं, बाकांची संख्या, वह्यांतली नावं, त्यांतलं कोण कधी वारलं, सगळं लिहिलं. शेवटी एकच ओळ: या इमारतींत कुणीही शिकत नाही.

विद्यापीठाने सुनावणी मागितली. तीन सदस्यांची समिती बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, म्हातारे, कानाने तल्लख, पायाने अधू. विद्यापीठाकडून मालमत्ता व्यवस्थापक आला. चाळिशीचा, उंच, कपडे असे की सुरकुतीला शिरायला जागा नाही. त्याने वह्यांवरून टाइप केलेली यादी पुढे ठेवली. त्यात 'श्रीमती शिंपीण' आणि 'श्री. रडका' अशी नावं होती.

"एकशे ब्याण्णव विद्यार्थी," तो म्हणाला. "खुल्या शिक्षणाचा हा उपक्रम आम्ही विनामूल्य चालवतो. नऊ वर्षांत उपस्थिती जवळजवळ शंभर टक्के."

"एवढ्या वर्षांत कुणी आजारी पडलं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"विद्यापीठाचा दर्जाच तसा आहे, साहेब."

मागे कुणी तरी फिसकन हसलं. टेपबाई उठून म्हणाली, "यातले निदान साठ जण वारलेत. दाखल्यांचे नंबर मी अहवालात दिलेत." व्यवस्थापकाने कागद चाळला आणि शांतपणे म्हणाला, "अहवाल लिहिणाऱ्या बाईंबद्दल एक सांगायला हवं. एकेचाळीस नंबरच्या वहीत 'धाकटी' अशी एक विद्यार्थिनी आहे. आम्ही चौकशी केली. त्या याच. नऊ वर्षं आमच्याकडे शिकतायत, एक दिवस खाडा नाही. स्वतःच्याच शिक्षणसंस्थेविरुद्ध त्या अहवाल कसा देऊ शकतात?"

मला वाटलं सगळे हसतील. कुणी हसलं नाही. अध्यक्ष टेपबाईकडे वळले. "यादीत आईही आहे माझी," ती म्हणाली. "तिलाही बोलवा साक्षीला."

बराच वेळ वाद चालला. मध्येच अध्यक्षांनी विचारलं की या घरांच्या साफसफाईचा ठेका कुणाकडे आहे. वापर असेल तर सफाई असणारच. व्यवस्थापकाने फाइल उलटीपालटी केली. तसा ठेका नव्हता. कधीच दिलेला नव्हता. तो स्वतःच थोडा गोंधळला आणि ग्लासातलं पाणी प्यायला. अखेर अध्यक्ष म्हणाले, "कागद पुरे झाले. बघू या. वर्ग कधी भरतो?"

"सकाळी," टेपबाई म्हणाली.

दोन दिवसांनी आम्ही सगळे मागच्या गल्लीत गेलो. समितीचे तिघं, साहेब, व्यवस्थापक, टेपबाई, आणि फाइल धरायला मी. स्वच्छ सकाळ होती, आकाश धुतल्यासारखं. ताईला कुणी तरी आधी सांगितलं होतं, ती इस्त्रीची साडी नेसून एक नंबरच्या दारात उभी होती. एवढ्या माणसांना बघून ती म्हणाली, "मागे उभे राहा. मुलांचं लक्ष जातं."

दूधवाल्यांच्या घरात आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. ताईने तारीख लिहिली. वही उघडली.

"दूधवाले."

मी काही ऐकलं असं म्हणणार नाही. मी रोज सरकारी कागद लिहिते, जे नाही ते लिहायची मला सवय नाही. पण अध्यक्ष दारात काठी टेकून उभे होते, ते एकदम बाजूला सरकले. आतून कुणी बाहेर निघालं की आपण वाट देतो, तसे. मग त्यांनी आपल्याच पायांकडे बघितलं आणि पुन्हा दारात उभे राहिले नाहीत. तीन घरं झाल्यावर दुसरे एक सदस्य म्हणाले, "मला वाटतं पुरे आता."

"नाही," अध्यक्ष म्हणाले. "प्रत्येक घर."

तीन तास गेले. घरागणिक अध्यक्ष आपल्या वहीत एक शून्य लिहीत होते. व्यवस्थापक अठरा नंबरच्या घरात आत आलाच नाही, फोन आल्याचं सांगून बाहेर थांबला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. शेवटी एकेचाळीस नंबरमध्ये आलो तेव्हा माझे पाय भरून आले होते.

"आई." थांबणं.

"बाबा." थांबणं.

"धाकटी."

"हजर," टेपबाई म्हणाली.

खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे वळली. ताईही वळली. तिने खिडकीजवळच्या बाकाकडे बघितलं, मग बहिणीकडे, पुन्हा बाकाकडे. तिच्या चेहऱ्यावर असा काही घोटाळा झाला, जसा गणित एकदम दोन उत्तरं द्यायला लागल्यावर होईल. खूण करायला तिला त्या दिवशी फार वेळ लागला. अध्यक्षांनी वहीत लिहिलं: शिक्षिका एक, विद्यार्थिनी एक.

निकाल आठ दिवसांनी आला. चाळीस घरांची माफी रद्द, मागच्या सहा वर्षांसह कर भरावा. एकेचाळीसाव्या घरात पाहणीच्या वेळी प्रत्यक्ष अध्यापन आढळलं, सबब त्या घराची माफी आणि तिथली व्यवस्था आहे तशी चालू राहील. म्हणजे ताईचं छप्पर वाचलं. साहेबांनी निकाल दोनदा वाचला आणि फाइल टेपबाईकडे सरकवली.

घरी जाताना मी तिला विचारलं, "मुद्दाम म्हणालीस ना?"

ती म्हणाली, "मला खरंच माहीत नाही गं. हाक आली, तोंडातून गेलं. पण त्याआधी मला वाटलं, मी नाही बोलले तर दुसरं कुणी तरी बोलेल. खिडकीजवळून."

विद्यापीठाने अपिलात जाण्याची धमकी दिली, मग तडजोड केली, मग निम्म्याहून थोडे जास्त पैसे भरले. पेपरात कुलगुरूंचा फोटो आला, खाली 'शहराप्रती बांधिलकी'. बाकी काही असो, दवाखाना सहा दिवस उघडायला लागला आणि रस्त्यांवरचे दिवे परत लागले. रिकाम्या घरांवर कर भरायचा तर ती ठेवायची कशाला, म्हणून ट्रक आले, बाकं गेली, फळे गेले. दारांवर 'विकणे आहे' अशा पाट्या लागल्या. ताईच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या, एक सोडून. वह्या पुरावा म्हणून आमच्या अभिलेख खोलीत जमा झाल्या.

यापुढचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ताई विसरायला लागली. वयाप्रमाणे माणूस इकडचं तिकडचं विसरतं तसं नाही. तिचं बाकी सगळं शाबूत होतं. दुधाचा हिशेब, भाचीचा फोन नंबर, नऊचा पाढा. जायला लागली ती फक्त माणसं. एका रविवारी टेपबाई म्हणाली, "शिंपीण काय मस्त हसायची नाही?" ताई म्हणाली, "कोण?" पुढच्या रविवारी जुळ्या गेल्या. महिन्याभराने तर तिने खिडकीतून सव्वीस नंबरकडे बघत विचारलं, "तिथे कधी कुणी राहत होतं का गं?"

टेपबाई घाबरली ती स्वतःसाठीसुद्धा. कारण शिंपिणीच्या नवऱ्याचा चेहरा आठवायला गेली तर तिलाही आठवेना. ती ऑफिसात येऊन जुनी कागदपत्रं शोधायला लागली. मागच्या गल्लीचं मालकीपत्रक मी काढून दिलं. त्यात एकेचाळीस ओळी होत्या आणि एकेचाळीस वेळा विद्यापीठाचं नाव. आधीची पत्रकं नियमाप्रमाणे केव्हाच रद्दीत गेली होती. त्या माणसांची गल्लीतली नावं आता फक्त या प्रकरणाच्या कागदांत उरली होती, ताईच्या हजेरीच्या वह्यांत आणि त्यांवरून केलेल्या यादीत-अहवालात, आणि तेही सगळं तीन वर्षांनी नष्ट करायचं होतं.

"उतरवून काढू," ती म्हणाली.

निवृत्तीला तिचे चार महिने राहिले होते. रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही अभिलेख खोलीत जाऊन बसायचो. मी वाचायचे, ती नव्या वहीत लिहायची, आणि नावापुढे जे आठवेल ते: शिंपीण, खळखळून हसायची, गुंड्या तोंडात धरायची. संध्याकाळी ती ती पानं ताईला वाचून दाखवायची. ताई आधी कोऱ्या चेहऱ्याने ऐकायची, मग एखाद्या नावाला एकदम म्हणायची, "हो, हो, आणि तिचा डावा पाय जरा लंगडा होता." ते दुसऱ्या दिवशी वहीत यायचं.

अठरा नंबरची वही उघडली तेव्हा मी अडखळले. घड्याळवाले आजोबा, त्यांची सून, तीन नातवंडं, आणि खाली वेगळ्या शाईत एक नाव जास्त. 'नवीन'. तीन वर्षांपूर्वी सुरू झालेलं; अहवालाच्या वेळी ते आणखी एका नातवंडाचं नाव वाटलं होतं. आणि सगळ्या एकेचाळीस वह्यांत फक्त याच नावापुढे गैरहजेरीच्या फुल्या होत्या. आठवड्यातून दोन, कधी तीन.

टेपबाईने त्या संध्याकाळी ताईला विचारलं. नशिबाने हे ताईला आठवत होतं.

"तो व्यवस्थापक. एकदा तपासायला म्हणून आला, आणि मागच्या बाकावर बसूनच राहिला. मग येत राहिला. मी विचारलं, नाव काय घालू? म्हणाला, घालू नका. पण बसलेल्या माणसाची हजेरी न लावणं बरं का?"

"आणि या फुल्या?"

"तो खराच यायचा ना, म्हणून कधी कधी यायचा नाही."

"येऊन काय करायचा, ताई?"

"काही नाही. गप्प बसायचा. मी नावं घ्यायला लागले की फक्त दर नावाला मान वळवून शेजारच्या बाकाकडे बघायचा, कोण बोललं म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी टेपबाईने हे सगळं मला सांगितलं. मी विचारलं, हे कसं लिहायचं? तिने पेन अंगठ्याने पुसलं, घड्याळवाल्यांच्या नातवंडांखाली 'नवीन' असं लिहिलं आणि पुढे: उंच, मागचं बाक, कुणाशी बोलायचा नाही. मग पान उलटून म्हणाली, "एकोणीस नंबर. वाच."